बाल्कनीतला विस्तव

थांब विभा, थांब, बटण दाबू नको! आधी मोबाईल इकडे दे. हेच बार्बेक्यू ना? काळं, गोल, बाल्टीसारखं, वर झाकण, खाली तीन पाय, छोट्या बाल्कनीसाठी एकदम फिट? सेम हेच आमच्या घरी आलं होतं यार, सेम! रंग पण हाच. आता पहिले माझं ऐकून घे, मग तुला जे मागवायचं ते मागव. सोनल, तू पण सरक इकडे. आणि हसायचं नाही. म्हणजे सुरुवातीला हसू येईल, मला पण येत होतं. पण मागच्या महिन्यात आमच्या घरी जे झालं ना, ते आठवलं की अजून हात थंड पडतात. पाह्य, पाह्य, हात लावून पाह्य.

तर असं आहे की बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले आणि आम्ही फॅक्टरीचं खमरियातलं क्वार्टर सोडून या फ्लॅटमध्ये आलो, तिसऱ्या मजल्यावर. क्वार्टर जुनं होतं, भिंतीचे पोपडे पडायचे, पण समोर अंगण होतं. आणि थंडी पडली की त्या अंगणावर राज्य बाबांचं. रविवारी सकाळपासून विटा मांड, लाकडं फोड, विस्तव झाला की त्यात ही मोठी मोठी वांगी पुरायची, बाजूला कणकेचे गोळे भाजायला टाकायचे, गक्कड़. बाबा स्वतः राख झटकायचे, स्वतः सोलायचे, स्वतः कांद्याची पात कापायचे. आईला हात लावू द्यायचे नाही. एरवी माझ्या बाबांना बोलता येतं की नाही अशी शंका यावी इतके गप्प, पण चुलीपाशी बसले की काय गप्पा, काय जोक!

फ्लॅटमध्ये आलो आणि संपलं सगळं. आईने गॅसवर वांगं भाजून भरीत केलं. बाबांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "हे भरीत होय? वांग्याले ताप आला म्हणून शेकलं का याले?" आणि ताट सरकवलं. बस्स. त्यानंतर नुसतं सोफ्यावर बसणं. टीव्ही चालू, पण पाहतात भिंतीकडे. आणि दिवाळीनंतर एक नवीनच सुरू झालं, "मी गावाले जातो."

गाव म्हणजे तुमसरच्या पुढे. तिथे बाबाराव काका राहतात, बाबांचे मोठे भाऊ. काकांनी फोनवर सांगून टाकलं की मागची खोली रिकामी आहे, ये, बायकोला पण आण. आणि बाबा म्हणजे एकदम तयार! म्हणे, "ज्या घरात विस्तव पेटत नाई, त्या घरात मी काहून राहू?"

आता आईचं सांगते. आमची आई, कलावती बाई, आयुष्यभर क्वार्टरमध्ये घरातच. इथे आल्यावर तिने बुद्धविहाराच्या हॉलमध्ये शिवणाचा क्लास सुरू केला. आजूबाजूच्या बाया येतात, मशीन शिकतात, तिला "मैडम" म्हणतात. पहिल्या दिवशी कोणी मैडम म्हटलं तर आईने मागे वळून पाहिलं, कोण मैडम आली म्हणून! खरंच. घरी येऊन सांगताना तिचं तोंड असं लाल झालं होतं. आणि आता हे सोडून तुमसरच्या पुढे, वावराच्या कडेला? तिथे ती परत देवीदासची बायको. पण आई भांडेल तर ना! मी विचारलं, तुला जायचं आहे का? तर कणीक मळता मळता म्हणाली, "तुझे बाबा जातीन तिथं मले जावंच लागन." आणि मळून झालेली कणीक परत मळून राहिली.

मला इतका राग आला ना! मी माझ्या भावाला, बंडूला म्हटलं, तुझं हे इंजिनिअरिंग कधी कामाला येणार? बाबांना विस्तव पाहिजे, तर बाल्कनीत विस्तव आणू. भरीत जमलं, बाबा बसले, तर आई पण राहील. चलो, बार्बेक्यू पाहू.

आणि मग जी शोधाशोध झाली! आमची बाल्कनी केवढी तर बंडू आडवा झोपला तर पाय बाहेर लटकतील. त्यात एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला कूलर, तो थंडीभर प्लास्टिकची पन्नी गुंडाळून उभा. वर कपडे वाळवायची तार. बंडूने आईचा शिवणाचा टेप घेऊन मोजलं, कूलरच्या पन्नीपासून किती, तारेपासून किती, आणि मध्ये जागा निघाली एका बाल्टीपुरती. आई म्हणाली, "एवढ्याशा जागेत वांगं भाजता की मुंगी?"

ओमतीकडच्या एका दुकानात गेलो, तिथे मिक्सर, गीझर, ओव्हन सगळं ठेवतात. दुकानवाल्या भैयाने पहिले इलेक्ट्रिक दाखवलं. चपटं, वर जाळी, खाली कॉइल. "धुआँ नहीं, राख नहीं, बस प्लग लगाओ." बंडूला लगेच आवडलं. मी फोटो काढून घरी पाठवला. बाबांचा फोन आला, स्वतःहून! सांगते ना, महिन्यानंतर बाबांनी स्वतःहून फोन केला. म्हणाले, "हा हिटर होय. यावर मोजे वाळवा." ठेवला.

मग गॅसवालं. त्याला वेगळं सिलेंडर, ते ठेवायचं कुठे, वॉशिंग मशीनच्या पोटात? ते गेलं. मग बाबांचीच सूचना आली की घमापूरला लोहाराकडून चांगली जाड पत्र्याची शेगडी करून घ्या. तर बंडू म्हणे नाही, उघड्या शेगडीतून ठिणग्या उडतील, कूलरच्या पन्नीवर पडल्या तर अख्खी बिल्डिंग भरीत. झाकण पाहिजे, राख पडायला खाली ताट पाहिजे, हवा कमीजास्त करायला भोकं पाहिजे. तेव्हा त्या भैयाने हे काढलं, काळी बाल्टी. कोळशाचं, झाकणवालं, छोटं, उचलून कुठेही न्या. मला तर बाई पाहताक्षणी आवडलं. त्याने विचारलं, "क्या बनाएँगे, पनीर टिक्का?"

मी म्हटलं, "भर्ता."

"इसमें? भटे का भर्ता?" तो असा पाहून राहिला जसं काही आम्ही विमान विकत घेऊन त्यावर कपडे वाळवणार आहे.

पण एक गोष्ट त्याने बरोबर सांगितली होती. दोनदा सांगितली. "बाहर ही जलाना है दीदी, एकदम खुले में." मी म्हटलं, हो हो भैया, बाल्कनीसाठीच घेऊन राहिलो. आम्हाला वाटलं धुरासाठी सांगून राहिला.

घरी आणलं. बाबा उठले, चष्मा लावला, झाकण उघडलं, बंद केलं, भोकं फिरवून पाहिली, जाळी ठोकून पाहिली. फॅक्टरीत माल तपासत ना, तसं. आम्ही तिघं श्वास धरून उभे. मग म्हणाले, "कोळसा कुठला आणला?" बस! आई मागे भिंतीला टेकली आणि तिने डोळे मिटले. ते ऐकायलाच उभी होती ना ती.

कोळसा आला कपडे प्रेस करणाऱ्या भैयाकडून, लकडीचा. आणि मुहूर्त ठरला जानेवारीतला तो आठवडा, आठवते ना ती शीतलहर, शाळा बंद केल्या होत्या, दिवसभर सूर्य नाही, नुसतं पांढरं. बेबीआत्या आली होती नागपूरहून, तिची संध्याकाळची गाडी होती. म्हटलं दुपारीच करू, आत्या पण खाऊन जाईल.

अगं काय मजा आली यार! बाबा बाल्कनीत स्टुलावर, कानाला मफलर, हातात चिमटा. कोळसा पेटेना तर बंडू माझा हेअर ड्रायर घेऊन आला. बाबा म्हणाले, "अबे, वांग्याचे केस वाळवून राहिला का?" आम्ही हसून हसून पडलो. बेबीआत्या म्हणाली, "दादा, तू तर जिवंत आहे की रे, मले वाटलं वहिनीनं पुतळा बसवला सोफ्यावर." आणि बाबा हसले. मोठ्याने. आईने स्वयंपाकघरातून डोकं काढून पाहिलं आणि लगेच आत घेतलं.

तेवढ्यात खालून आवाज, "ए ऊपरवालों! क्या भून रहे हो आप लोग?"

नेमा आंटी. आमच्या बरोब्बर खाली राहतात. ह्या बाईचं आणि आमचं पहिल्या दिवसापासून जमत नाही. कुंडीचं पाणी पडलं तर भांडण, खुर्ची सरकवली तर भांडण. आणि ते "आप लोग" अशा काही आवाजात म्हणतात ना, की समोरच्याला कळावं कोण लोग. आईने कठड्यावरून वाकून एकदम गोड आवाजात सांगितलं, "भटे भून रहे हैं, भाभीजी. भेजूँ?"

"नहीं-नहीं, हमारे यहाँ सब्ज़ी बनी है. और राख मत गिराना, मेरी बड़ी सूख रही है!"

त्यांनी बाल्कनीत कोहळ्याची बड़ी, म्हणजे आपले सांडगे, घातली होती वाळत. ऊन नाही, काही नाही, तरी घातली होती. बाबा हळूच म्हणाले, "धुराची बड़ी खाईल तर बोलणं तरी खमंग होईल." आई म्हणाली, "गप बसा."

भरीत झालं. मी काय सांगू तुम्हाला! तोच वास. वांग्याची साल काळी होऊन अशी आपोआप सुटली, वर लसूण, पात, मिरचीचा ठेचा, गक्कड़ फोडून त्यात तूप. बाबांनी दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा आईच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं. बेबीआत्याने मला कोपराने ढोसलं, "झालं काम तुझं."

मला पण वाटलं झालं काम.

आता आत्याच्या गाडीची वेळ झाली. तिच्याजवळ दोन बॅगा, एक बोरांचं पोतं, तीळ, काय काय. म्हणून मी आणि बंडू दोघं स्टेशनवर जाणार होतो. बाबा आले नाही, त्यांच्या पायात थंडीने गोळे येतात. दाराला आपोआप लागणारं कुलूप आहे, खट करून लागलं, चावी बंडूच्या खिशात. खाली आलो. त्या थंडीत ऑटो मिळता मिळता पाऊण तास गेला. मग ऑटोवाल्याशी बंडूची बॅगांवरून हुज्जत, आत्या बोरं मांडीवर घेऊन बसलेली, मी एक पाय आत टाकला, आणि वरून, जिन्याच्या जाळीतून, असा आवाज आला की ऑटोवाला पण वर पाहू लागला.

"ए लड़की! तुम्हारे मम्मी-पापा को इतना घमंड है क्या? आधे घंटे से घंटी बजा रही हूँ, अंदर टीवी चल रहा है, दरवाज़ा नहीं खोल रहे!"

अर्धा तास काही नसेल, फार तर पाच मिनिटं. पण आंटी म्हणजे आंटी. हातात ते बड़ीचं ताट. उडाली होती आमची राख त्यावर, ती दाखवायला वर आल्या होत्या. आत्या म्हणाली, "जाऊ दे गं, बंडूले पाठव, आपण निघू, गाडी सुटन." मला हसू येऊन राहिलं होतं. म्हटलं आई-बाबा मुद्दाम उघडत नसतील, दोघं आत हसत असतील तोंड दाबून. मी चावी घेतली आणि बंडूला म्हटलं, थांब, मी भांडण मिटवून येते.

वर गेली तर आंटी दारावर थापा मारून राहिल्या. "देखो, देखो ये राख! खाने की चीज़ है ये!" मी म्हटलं, हो आंटी, सॉरी आंटी, आणि चावी फिरवली.

दार उघडलं आणि तोंडावर गरम हवा आली. छान उबदार. पहिले तेवढंच कळलं मला, छान उबदार. टीव्हीवर कोणीतरी हसून राहिलं होतं. आई सोफ्यावर, शाल पांघरून, मान एका बाजूला. बाबा खाली चटईवर, सोफ्याला टेकून, पाय पसरून, आणि पायांपाशी ते काळं बार्बेक्यू. झाकण उघडं, आत विस्तव असा लालबुंद. मला वाटलं झोपले. मी म्हटलं, "आई, अगं आंटी आल्या." आई हलली नाही. मी जवळ जाऊन खांदा हलवला तर तिची मान अशी पडली, अशी, जशी त्या मानेत काही नाहीच. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. गाल लाल, छान लाल, जसं कोणी मैडम म्हटल्यावर व्हायचे ना, तसे.

मी ओरडलीच नाही. मला माहीत नाही काहून. मी तिथेच उभी, आणि डोक्यात एकच की टीव्ही बंद करायला पाहिजे, आवाज खूप होऊन राहिला.

माझ्या मागून ताट पडलं. बड़ी अख्ख्या घरात. आणि आंटी, ती साठीची बाई, गुडघ्याने अधू, जिना चढताना दर पायरीवर देवाचं नाव घेते, ती धावली. "सिगड़ी! हाय दैया, सिगड़ी अंदर काहे रखे! खिड़की खोल लड़की, खिड़की!" मी खिडकीकडे गेली तर सरकेना, हात घसरून राहिले. आंटीने मला बाजूला ढकललं, दोन हातांनी काच सरकवली, बाल्कनीचा दरवाजा उघडला, आणि आईच्या काखेत हात घालून तिला ओढू लागल्या. "पाँव पकड़! रो मत, पाँव पकड़!" मी रडत होती का, मला तेही माहीत नव्हतं. आम्ही आईला फरफटत जिन्यात आणलं. मग बाबांना. बाबा जड, आंटीची साडी पायात अडकली, त्या पडल्या, उठल्या, परत धरलं. मी जाळीतून बंडूला हाक मारली, पण आवाज असा आला की बंडू नंतर म्हणाला, मला वाटलं मांजर ओरडली.

त्याच ऑटोतून नेलं. आत्याची बोरं रस्त्यावर, बॅगा वॉचमनकडे. आईचं डोकं माझ्या मांडीवर, बाबांचं आंटीच्या. हो, आंटी पण बसल्या ऑटोत, चप्पल न घालता. आणि रस्ताभर बाबांच्या गालावर चापट मारत होत्या, "भाईसाब! ए भाईसाब! उठो! झगड़ा करना है मेरे को आपसे!"

दवाखान्यात नाकातोंडावर मास्क लावले, ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा गॅस. वास नाही, धूर नाही, दिसत नाही, नुसती झोप येते माणसाला, छान गुंगी येते, आणि त्या झोपेतून उठत नाही. म्हणाले, दर थंडीत येतात अशा केस. तुम्ही स्टेशनवर जाऊन परत आले असते तर... आणि बाबांचा मास्क तपासायला वळले. 

बाबा पहिले शुद्धीवर आले. डोकं धरून ओकले, मग इकडे-तिकडे पाहिलं, आणि पहिला शब्द, "कला कुठं आहे?" बाजूच्या पलंगावर होती. आईला वेळ लागला. खूप वेळ लागला. तिने डोळे उघडले तेव्हा बाहेर अंधार पडला होता. मला पाहून म्हणाली, "भांडी घासली का?"

डॉक्टरने विचारलं, शेगडी आत कोणी नेली? आणि बाबा लगेच, मास्क बाजूला करून, "मी."

बंडू असा भडकला! एरवी बाबांसमोर मान वर करत नाही तो. "काहून नेली बाबा? दुकानवाल्याने दोनदा सांगितलं होतं! तुम्हाला गावाला जायचं होतं तर जायचं होतं, आईला कुठे घेऊन चालले होते?" मी पण बोलली. मी जे बोलली ते आता सांगत नाही. बाबा नुसते छताकडे पाहत राहिले. आंटी दारात उभ्या, त्यांनी पण दोन सुनावल्या, "इतनी उमर हो गई, अकल नहीं आई." बाबांनी ते पण घेतलं.

मग रात्री बंडू आणि आत्या चहा आणायला गेले, तेव्हा आईने मला खूण करून जवळ बोलावलं. आवाज असा फाटलेला. म्हणाली, "बाबाले काही नको बोलू. शेगडी मी आणली आत."

मी म्हटलं, तू?

"हो. तुम्ही गेले, विस्तव तसाच होता. एवढा चांगला विस्तव. क्वार्टरमध्ये असताना आपण कधी विस्तव फेकला का? घमेल्यात घालून आत आणत होतो, खाटेखाली ठेवत होतो, तू आणि बंडू त्याच्यावरच वाढले. मी पण तसंच केलं. याले तर झाकण आहे, पाय आहे, म्हटलं हे तर घमेल्याहून चांगलं. तुझ्या बाबाचे पाय दुखून राहिले होते. पाय शेकले तर म्हणाले, कला, आता घरावाणी वाटून राहिलं." आईने मास्क सरळ केला. "असं म्हणाले गं ते. म्हटलं बसू दे अजून थोडं. मनातून गाव जाईल."

कळलं का तुम्हाला? क्वार्टरला वर कवेलूचं छप्पर होतं, फटी होत्या, दारं अशी की मांजर खालून जायची. त्या घरात गॅस टिकत नव्हता. आणि इथे आम्हीच मच्छर येतात म्हणून दाराखाली रबराची पट्टी लावली होती, सरकणारी काच अशी बंद की बाहेरचा हॉर्न ऐकू येत नाही. मला दुकानात वाटलं होतं, उचलून कुठेही न्या, किती छान! तेच तर झालं ना. उचललं आणि आत नेलं.

मी बाबांकडे वळली. ते जागे होते, सगळं ऐकून राहिले होते. म्हटलं, "बाबा, तुम्ही काहून म्हटलं मी आणली?"

बाबा म्हणाले, "खिडकी मी लावली होती. हवा येऊन राहिली होती तर मीच उठून लावली." मग थोड्या वेळाने, "दोघाचंही नाव काहून सांगायचं. एक पुरे."

मला वाटलं, आता झालं. आता तर बाबा या फ्लॅटमध्ये पाय ठेवणार नाही. ज्या घराने मारलं असतं, तिथे कोण राहील? सकाळी बाबाराव काकांचा फोन आला, आत्याने कळवलं होतं त्यांना. काकांचा आवाज असा की स्पीकर लावायची गरज नाही, अख्खा वॉर्ड ऐकतो. "देवीदास! सोड ते कबुतरखानं! खोली सारवून ठेवली, डिस्चार्ज झाला की सरळ इकडेच ये. इथं मोकळी हवा आहे!"

आईने चादरीचा काठ धरला. मी पाहिलं. बोटाला गुंडाळून राहिली, सोडून राहिली, परत गुंडाळून राहिली.

बाबांनी आईच्या बोटांकडे पाहिलं. काका तिकडून हॅलो हॅलो. मग बाबा म्हणाले, "दादा, तिथं थंडीत तू काय करते? खोलीत विस्तव घेते का नाई?"

"घेतो ना. सगळेच घेते. मधल्या खोलीत ठेवतो घमेलं."

"आता नवीन दारं बसवली न तू? लोखंडी?"

"हो, चोरासाठी."

"मग ते घमेलं आजपासून बाहेर. समजलं? आणि मी येत नाई."

मी आईकडे पाहिलं, आई माझ्याकडे. काका ओरडले, "काहून?"

बाबा म्हणाले, "तुझं घर वावराच्या कडेला, दादा. शेजार नाई. मी तिथं असा पडलो असतो तर सकाळी तूच आला असता, तेही चहा काहून नाई आला पाहाले. इथं खाली एक बाई आहे. मी दार नाई उघडलं तर तिले राग येते."

आणि फोन माझ्या हातात देऊन कूस बदलली. मला वाटलं रडून राहिले की काय, वाकून पाहिलं तर डोळे मिटले होते, ओठ घट्ट.

आई उठून बसली. सलाईनची नळी ओढली गेली तर नर्स धावली, "अम्माजी, लेटिए!" आईने ऐकलंच नाही. मला म्हणाली, "यशू, क्लासच्या बायांना फोन कर. म्हण, आज सुट्टी आहे." मी फोन काढला. तर परत म्हणाली, "फक्त आज. उद्याची नको सांगू."

म्हटलं, "आई, डॉक्टर उद्या सोडतील की नाही माहीत नाही."

"मग डॉक्टरले फोन कर," आई म्हणाली.